कमी ड्रॉ लेंग्थ आणि एल्कसाठीचा बाण

दोन्ही हात आडवे पसरले की माझ्या एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर साडेबासष्ट इंच भरते. या अंतराला अडीचने भागले की धनुर्धराची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी किती लांबवर ओढली जाते ते माप, अंदाजे कळते. माझी आली २५ इंच. धनुष्याच्या दुकानात प्रत्यक्ष मोजल्यावरही तीच निघाली. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात सप्टेंबर महिन्यात कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याने एल्क या सांबरासारख्या मोठ्या जनावराची शिकार करणाऱ्या बहुतेक पुरुषांची ड्रॉ लेंग्थ २८ ते ३० इंच असते, आणि बाणांविषयी जे सल्ले, जी कोष्टके आणि जे आकडे सगळीकडे फिरत असतात, ते त्यांच्याच हातांना धरून मांडलेले असतात. त्यांचा बाण जसाच्या तसा उचलून माझ्यासारखीने आपल्या धनुष्यावर चढवला, तर तो चुकीचा ठरण्याची शक्यता बरीच आहे. कमी ड्रॉ लेंग्थ असलेल्या माणसाने मोठ्या जनावरासाठी बाण कसा निवडावा, याविषयी माझे जे मत बनले आहे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे, असे मी मानते. कोलोरॅडोत मात्र एल्कची संख्या अमेरिकेतील इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक आहे आणि परवाने देऊन ती आटोक्यात ठेवणे हा राज्याच्या वन्यजीव व्यवस्थापनाचाच एक भाग आहे. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला परवान्यापूर्वी शिकारीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते आणि मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा आहे. आमच्या घरी वर्षभर तेच मांस शिजते. त्यामुळे बाण निवडण्याचा प्रश्न माझ्या दृष्टीने हौसेचा नाही. जनावर जखमी होऊन रानात भटकत राहू नये, ते काही क्षणांत आणि कमीत कमी यातनांत मरावे, ही जबाबदारी दोरी सोडणाऱ्याची आहे, आणि तिची सुरुवात घरातल्या टेबलावर, बाण तयार करतानाच होते.

प्रथम तोटा नेमका किती, ते पाहू. धनुष्याची दोरी विश्रांतीच्या जागेपासून पूर्ण ओढलेल्या स्थितीपर्यंत जेवढे अंतर जाते, तेवढ्याच अंतरात ती बाणाला ढकलत असते. ड्रॉ लेंग्थच्या प्रमाणित मोजणीत मुठीच्या खोबणीपुढे पावणेदोन इंच धरलेले असतात. ते आणि साडेसहा इंचांची ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतले अंतर) वजा केली, की ३० इंचांच्या माणसाला ढकलण्यासाठी पावणेबावीस इंच मिळतात, तर मला पावणेसतरा. म्हणजे धनुष्य तेच आणि ताण तोच असूनही बाणाला रेटा देण्याचे अंतर जवळजवळ २३ टक्क्यांनी कमी. धनुष्याच्या जाहिरातीत छापलेला वेग ७० पौंड ताण, ३० इंच ड्रॉ लेंग्थ आणि ३५० ग्रेनचा (एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन) बाण धरून मोजलेला असतो. ड्रॉ लेंग्थ एक इंचाने घटली की ढोबळ मानाने सेकंदाला १० फूट वेग जातो आणि ताण एक पौंडाने घटला की साधारण २ फूट. माझ्या धनुष्यावर सेकंदाला ३३० फुटांचा आकडा छापलेला आहे. ५० पौंड आणि २५ इंचांवर ढोबळ हिशोबाने २४० फूट यायला हवेत, प्रत्यक्षात त्यातून ३५० ग्रेनचा बाण सेकंदाला २३१ फूट वेगाने निघतो.

हा आकडा पाहिल्यावर कोणालाही पहिला मोह होतो तो बाण हलका करून गेलेला वेग परत मिळवण्याचा. पहिल्याच भेटीत दुकानदारानेही मला तेच सुचवले होते आणि हरणासाठी हा सल्ला बऱ्यापैकी चालूनही जातो. एल्कची गोष्ट वेगळी आहे. पूर्ण वाढलेला नर ७०० पौंडांच्या, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या घरात असतो आणि मादी ५०० पौंडांच्या आसपास. आपल्याकडच्या सांबराहूनही हे जनावर सहसा मोठे असते. दाट केस, जाड कातडी, रुंद बरगड्या आणि त्यामागे फुप्फुसांचा मोठा विस्तार, इतके सगळे ओलांडून बाण शक्यतो पलीकडून बाहेर पडायला हवा. दोन्ही बाजूंनी छिद्र पडले, की रक्ताचा माग जमिनीवर स्पष्ट मिळतो.

माझ्याच धनुष्यावरचे दोन बाण शेजारी ठेवून पाहू. पहिला हलका. इंचाला ८ ग्रेन वजनाची साडेपंचवीस इंचांची कार्बन कांडी २०४ ग्रेन, अ‍ॅल्युमिनियमचा इन्सर्ट (कांडीच्या तोंडात बसणारा, पाते धरणारा तुकडा) १६, टोकाचे पाते १००, पिसे २० आणि नॉक (दोरीवर बसणारी मागची खाच) १०, असे एकूण ३५० ग्रेन. दुसरा जड. इंचाला ९ ग्रेनची कांडी २३०, पितळी इन्सर्ट ५०, पाते १५०, पिसे आणि नॉक तेच, असे एकूण ४६० ग्रेन. पहिला २३१ फुटांनी जातो, दुसरा २०५ फुटांनी. गतिज ऊर्जा काढण्यासाठी वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४० हे सूत्र वापरतात. त्याने पहिल्याची ऊर्जा साडेएक्केचाळीस फूट-पौंड येते आणि दुसऱ्याची सुमारे ४३. फरक थोडा आहे, पण तो जड बाणाच्या बाजूने आहे, कारण जड बाण धनुष्यात साठलेल्या शक्तीचा अधिक वाटा स्वतःकडे घेतो आणि धनुष्याच्या थरथराटात व आवाजात वाया जाणारा वाटा कमी होतो. त्यामुळे धनुष्याचा आवाजही खाली येतो, आणि एल्कचे कान किती तिखट असतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला हा लाभ लहान वाटणार नाही. खरा फरक दिसतो तो संवेगात. वजन गुणिले वेग, भागिले २,२५,४००, असे केले की हलक्या बाणाचा संवेग ०.३६ भरतो आणि जड बाणाचा ०.४२. धनुष्याला हात न लावता, केवळ बाण बदलून, जवळजवळ १६ ते १७ टक्क्यांची वाढ मिळते.

ईस्टन कंपनीच्या कोष्टकात एल्कच्या वर्गातील जनावरांसाठी ४२ ते ६५ फूट-पौंड ऊर्जा सांगितलेली आहे. म्हणजे माझा हलका बाण त्या उंबरठ्याच्या किंचित अलीकडे आणि जड बाण किंचित पलीकडे. पण निर्णय मी त्या उंबरठ्यावर सोपवत नाही. ऊर्जेच्या सूत्रात वेगाचा वर्ग असल्याने ते वेगाला झुकते माप देते, आणि शरीरात शिरलेल्या बाणाला अडवणारा विरोध तर वेगाबरोबरच वाढत असतो. हलका बाण आपला वेग लवकर गमावतो, जड बाण तो टिकवून धरतो. ज्याच्या धनुष्यात ७५ फूट-पौंड आहेत, त्याच्या बाणात थोडी उधळपट्टी झाली तरी खपून जाते. आपल्याकडे ४३ असतील, तर त्यातला एकही वाया जाऊ न देणे हीच बाण निवडण्याची खरी कसोटी आहे, आणि पुढचे सगळे मी त्याच दृष्टीने लिहिणार आहे.

या विषयावर डॉ. एड अ‍ॅशबी यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. आफ्रिकेत आणि नंतर ऑस्ट्रेलियात त्यांनी मोठ्या जनावरांवर बाणांच्या शिरकावाचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या क्रमवारीत बाणाची अभंगता, म्हणजे बाण कोठेही न वाकणे, न तुटणे, ही पहिली येते, दुसरे स्थान निर्दोष उड्डाणाला आहे, आणि पुढच्या टोकाकडे झुकलेला तोल व पात्याची घडण त्यानंतर येतात. वजन या यादीत बरेच खाली आहे, आणि नेमके हेच अनेकांच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतो तो ६५० ग्रेनचा आकडा, ज्याच्या वर जाड हाड भेदण्याची शक्यता लक्षणीयरीत्या वाढते, असे त्यांचे निरीक्षण आहे. माझ्या ओळखीतल्या काही जणांनी तो वाचून ५० पौंडांच्या धनुष्यावर ६५० ग्रेनचे बाण चढवले आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की कमी ड्रॉ लेंग्थ असलेल्याने तेथपर्यंत जाऊ नये.

कारण अंतराच्या अंदाजात आहे. समजा, एल्क ३० यार्डांवर आहे असे मानून मी नेम धरला, आणि तेवढ्यात तो दोन पावले पुढे गेल्याने प्रत्यक्षात ३३ यार्डांवर होता. ३५० ग्रेनचा बाण नेमाच्या सव्वातीन इंच खाली लागेल आणि ४६० ग्रेनचा चार इंचांहून किंचित अधिक खाली. ६५० ग्रेनचा बाण माझ्या धनुष्यातून १७५ फुटांच्या आसपासच जाईल आणि तो साडेपाच इंचांहूनही अधिक खाली उतरेल. पहिल्या दोहोंतला फरक इंचभराचाही नाही. त्या बदल्यात मिळणारा १६ टक्के संवेग मी आनंदाने घेईन. तिसऱ्यात मात्र चूक इतकी वाढते की फुप्फुसाच्या खालच्या भागावर धरलेला नेम छातीखालून निसटू शकतो. एल्कच्या छातीतला मर्मभाग फूटभराहून मोठा असला, तरी रानात उतारावर, फांद्यांच्या फटीतून, धाप लागलेली असताना तो तेवढा मोठा राहत नाही. म्हणून ५० पौंडांच्या आसपास ताण आणि २५ ते २६ इंच ड्रॉ लेंग्थ असेल, तर ४३० ते ४८० ग्रेनचा पट्टा मला सर्वांत समंजस वाटतो.

आता कांडीच्या ताठरपणाकडे, म्हणजे स्पाइनकडे वळते, कारण आखूड बाणाला येथे एक फायदा आहे आणि तो पुरेपूर वापरला पाहिजे. स्पाइनचा आकडा कसा ठरतो, तर २८ इंचांच्या अंतरावर दोन आधारांवर कांडी ठेवून मध्यभागी ८८० ग्रॅमचे वजन टांगतात, आणि ती ०.४०० इंच वाकली तर तिला ४०० स्पाइन म्हणतात. आकडा जितका लहान तितकी कांडी ताठ. पण ही झाली स्थिर अवस्थेतली मोजणी. दोरी सुटल्यावर बाण प्रत्यक्षात किती लवचिक वागतो, ते त्याच्या लांबीवर आणि पुढच्या वजनावर अवलंबून असते. आखूड कांडी ताठ वागते, पुढे वजन वाढवले की ती नरम वागते. त्यामुळे ३० इंचांच्या माणसाने पुढे २०० ग्रेन घातले, तर त्याला फार ताठ आणि महाग कांडी शोधावी लागते, पण माझ्या साडेपंचवीस इंचांच्या बाणात तेच २०० ग्रेन ४०० स्पाइनची साधी कांडी निमूटपणे पेलते. साध्या इन्सर्टवर आणि १०० ग्रेनच्या पात्यावर मला ५०० चालली असती. वजन पुढे वाढवले म्हणून एक पायरी ताठ गेले, आणि ताठ कांडी वजनदार असल्याने उरलेले ग्रेनही तिनेच भरून दिले.

तोलाचेही तसेच आहे. नॉकच्या खोबणीपासून बाणाचा तोलबिंदू जितक्या अंतरावर आहे, त्याला बाणाच्या लांबीने भागून त्यातून अर्धा वजा केला, की पुढचा झुकाव टक्क्यांत मिळतो. माझ्या हलक्या बाणात तो १४ टक्क्यांच्या आसपास होता, जड बाणात १९ ते २० टक्के आला. लांब बाणाला एवढा झुकाव हवा असेल तर पुढे बरेच अधिक वजन लागते. आखूड बाणाला तो सहज मिळतो. पुढे झुकलेला बाण शरीरात शिरताना मागच्या भागाच्या हेलकाव्याने कमी विचलित होतो, आणि पिसांना त्याला सरळ ठेवणे सोपे जाते.

लांबी किती ठेवावी, याविषयी एक सूचना. आखूड बाण शक्य आहे म्हणून तो धनुष्याच्या मुठीच्या आत येईपर्यंत कापू नये. वस्तऱ्यासारखे धारदार पाते डाव्या हाताच्या बोटांजवळ ओढून आणण्यात मोठा धोका आहे. पूर्ण ओढल्यावर पात्याची मागची कड धनुष्याच्या दांड्याच्या पुढे स्पष्टपणे राहिली पाहिजे. माझ्या बाबतीत त्यासाठी साडेपंचवीस इंच पुरतात.

बाण मी स्वतःच जोडते, कारण अभंगता यादीत पहिली असण्याचा अर्थ टेबलावरच कळतो. कांडी कापल्यावर टोक सपाट घासायच्या साधनावर फिरवते. त्याआधी टोकावर काळ्या मार्करने वर्तुळ काढते. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली की टोक काटकोनात आले. नंतर आतली कार्बनची भुकटी अल्कोहोलच्या बोळ्याने, बोळा पांढरा निघेपर्यंत पुसते आणि इन्सर्ट मंद सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवते. गरम करून लावायचा डिंक सरावाच्या बाणांना ठीक असतो, शिकारीच्या बाणाला नाही. कांडीच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कडे चढवते, कारण बरगडीवर आदळल्यावर कार्बन फाटते ते याच तोंडाशी. पाते बसवल्यावर बाणाचे टोक काचेच्या तुकड्यावर उभे ठेवून बोटांनी गिरकी देते. जरासा जरी हेलकावा दिसला तरी तो बाण शिकारीच्या भात्यात जात नाही.

पात्याच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. आघाताने उघडणारी यांत्रिक पाती आपल्यासाठी नाहीत. त्यांची पाती उघडण्यात आणि दीड-दोन इंच रुंद जखम कापण्यात जी ऊर्जा जाते, ती शिरकावातून वजा होते, आणि आपल्याकडे वजा करण्याजोगे काही उरलेले नसते. टोकापासूनच कापत जाणारे, दोन धारांचे, लांबट आणि अरुंद, एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेले पाते घ्यावे. कोलोरॅडोच्या नियमांप्रमाणे पात्याची रुंदी किमान ७/८ इंच हवी आणि पोलादाच्या किमान दोन धारा हव्यात. एक ते सव्वा इंचाच्या दरम्यानचे पाते हा नियम पाळूनही कमी विरोध सोसते. एकाच बाजूने धार काढलेले पाते घेतले तर ते आत जाताना फिरते, म्हणून त्याच्या धारेची दिशा आणि पिसांचा पीळ एकाच बाजूचा हवा, उजव्या धारेला उजवा पीळ. विरुद्ध ठेवल्यास पाते आत शिरताच बाणाचे फिरणे थांबते आणि तेवढी शक्ती फुकट जाते. धार मात्र स्वतः काढायला शिकावे. नवीन डब्यातली सगळीच पाती पुरेशी धारदार असतात असे नाही. हलक्या हाताने ताणून धरलेल्या रबराच्या बँडवर पाते नुसते टेकवले की बँड तुटला पाहिजे.

पुण्याहून कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला शिकायला आलेली आणि अदिती स्वामी व ओजस देवतळे यांनी २०२३ साली बर्लिनला कंपाउंड प्रकारात विश्वविजेतेपदे मिळवल्यापासून धनुष्य हाती घेतलेली एक मुलगी मला विचारत होती, "मावशी, साठ पौंडांशिवाय एल्कच्या वाटेला जायचंच नाही का?" कायद्याने कोलोरॅडोत ३५ पौंड पुरतात. अलास्कात मूस किंवा तपकिरी अस्वलासाठी धनुष्याचा ताण किमान ५० पौंड आणि बाण किमान ३०० ग्रेनचा लागतो. मी तिला सांगितले की ताण वाढवावा, पण जमिनीवर बसून, दोन्ही पाय समोर उचलून, धनुष्य आकाशाकडे न नेता सरळ समोर जेवढे ओढता येते, तेवढाच. पाच पौंड वाढवून जितका वेग मिळतो, तितकाच ड्रॉ लेंग्थ इंचभर लांबवूनही मिळतो, आणि म्हणूनच अनेक जण धनुष्य आपल्या मापापेक्षा अर्धा-एक इंच लांब लावून घेतात. ते कधीही करू नये. कोपर जास्त ताणले जाते, दोरी जाड कोटाच्या बाहीला घासते आणि गालावरचा टेका दर खेपेला वेगळ्या जागी पडतो. त्यापेक्षा धनुष्य निवडतानाच असे घ्यावे, की ज्याची कमाल ड्रॉ लेंग्थ आपल्या मापाच्या जवळ आहे. ३० इंचांपर्यंत जाणारे धनुष्य २५ वर आणून लावले, तर त्याचे कॅम (टोकांची चाके) बहुधा पूर्ण क्षमतेने काम करत नाहीत.

उड्डाण निर्दोष आहे की नाही, हे कागदातून बाण मारून आणि नंतर बिनपिसांच्या कांडीने तपासता येते, पण अखेरची परीक्षा शिकारीच्या पात्याचीच. सरावाचे टोक लावलेला बाण आणि शिकारीचे पाते लावलेला बाण २० आणि ३० यार्डांवर एकाच ठिकाणी लागेपर्यंत रेस्टची (बाण ज्यावर टेकतो त्या आधाराची) जागा केसाएवढी इकडेतिकडे करत राहावे. वाकडा उडणारा बाण तिरपा आदळतो आणि त्याची बरीच शक्ती कांडी हलण्यातच संपते. ४३ फूट-पौंडांचा सरळ बाण ६० फूट-पौंडांच्या वाकड्या बाणाहून खोल जातो, असे मी निःशंकपणे म्हणेन.

इतके करूनही मी ३० यार्डांपलीकडे बाण सोडत नाही. जनावर आडवे उभे असेल, किंवा माझ्यापासून दूर तोंड करून किंचित तिरके, म्हणजे बाण मागच्या बरगड्यांतून शिरून पलीकडच्या खांद्याकडे जाईल अशा कोनात असेल, तरच सोडते. समोरून तिरपे येणारे एल्क कितीही जवळ असले, तरी खांद्याचे जाड हाड मध्ये येते आणि ते भेदण्याची हमी माझा बाण देऊ शकत नाही.

ज्यांना असा बाण जुळवायचा आहे त्यांनी एकदम डझनभर कांड्या विकत घेऊ नयेत. बरीच दुकाने सुट्या कांड्या देतात. ४०० आणि ५०० अशा दोन्ही स्पाइनच्या दोन-दोन कांड्या घ्याव्यात, पुढे १५०, १७५ आणि २०० ग्रेन अशी वजने बदलून पाहावीत, वेगमापकावर प्रत्येकाचा वेग नोंदवावा, आणि बिनपिसांची कांडी ज्या जुळणीत सर्वांत सरळ जाते, त्याच जुळणीचे उरलेले बाण बनवावेत. कांडी कापताना सुरुवातीला अर्धा इंच जास्तच ठेवावी. नरम वाटली तर पाव-पाव इंच कापून ताठ करता येते.